पोटातली जागा

कोळसा पडला तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. वजनकाट्याच्या पत्र्यावर टप्पकन एकदा, मग फरशीवर गडगडत दोनदा, आणि भिंतीला टेकून तो गप्प बसला. पण दवाखान्याच्या त्या खोलीत बाकावर ओळीनं बसलेल्या आठ-नऊ गरोदर बायांचं बोलणं एकदम तुटलं, आणि नूतनला वाटलं, आपल्या पोटातूनच काहीतरी गळून पडलं. तिनं खाली पाहिलं. काळा, मुठीएवढा, एका बाजूनं चकाकणारा. ऊर्जानगरच्या रस्त्यावर ट्रकमधून सांडलेले असे कोळसे माणसांच्या पायाशी लोळत असतात, कुणी वळून पाहत नाही. आज सकाळी दूध आणायला जाताना तिनं दोन उचलले होते, नळाखाली घासून धुतले होते, चिंधीत बांधले होते आणि काट्यावर वजन भरावं म्हणून परकराला आतून शिवलेल्या खिशात ठेवले होते. चिंधीची गाठ सुटली. दुसरा अजून आत होता, मांडीला टोचत होता, आणि तो आता पडेल, मग पडेल, म्हणून ती काट्यावर पाय आवळून उभी राहिली. बाकावरची एक जण म्हणाली, "काऊन वं, कोळशाचे डोहाळे लागले काय?" सगळ्या हसल्या. पोटं धरून हसल्या, प्रत्येकीचं पोट चांगलं टपोरं, हसताना हलणारं. दारापाशी बसलेली बायनाबाई, नूतनची सासू, मात्र हसली नाही. तिनं तो कोळसा पाहिला, सुनेकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की नजर लागू नाई म्हनून ठेवला असन लेकीनं, पन नूतन, आपन बुद्धाचे लोक, आपल्यात हे असं नाई करत. बोलताना तिचा चेहरा असा ओशाळला होता की नूतनला क्षणभर वाटलं, तसंच असू दे. नजरेचाच कोळसा असू दे.

रश्मी मॅडमनं, म्हणजे तिथल्या नर्सनं, बाकीच्या बायांना बाहेर बसायला सांगितलं. दार लोटलं. कोळसा उचलून टेबलावर कागदांवर ठेवावा तसा ठेवला. रागावली नाही. तिनं नूतनचा उजवा हात हातात घेतला आणि बोटांच्या मुळांवरचे घट्टे पाहिले, मग तिला आ करायला लावून दात पाहिले, आणि आपण नाव काय म्हणून विचारतो तसं विचारलं, "उलट्या कधीपासून काढतेस?" होतात असं नाही म्हणाली. काढतेस म्हणाली. दहा-बारा वर्षांत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. नूतननं स्वतःच्या मनातसुद्धा नाही. कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. तिच्याऐवजी बायनाबाईच बोलायला लागली, मोठ्या अभिमानानं, की मॅडम, मी लक्ष ठेवूनच आहे, सातवा लागला तसं मी अर्धीच ताटली वाढते, जास्त खाऊ देतच नाई, आन पोरगी इतकी गुणाची का एका शब्दानं मागत नाई. रश्मी मॅडमनं मान खाली घातली. मग तिनं टेपनं पोट मोजलं, परत मोजलं, ठोके ऐकले, सोनोग्राफीचा कागद उघडला आणि सांगितलं की बाळ वाढत नाहीये. सात महिन्यांचं पोट साडेपाचाएवढं आहे. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर भरती व्हावं लागेल, आणि मग कदाचित वेळेआधीच त्याला बाहेर काढावं लागेल, आणि तेव्हा ते जगेलच असं मी म्हणणार नाही. उद्या सकाळी मी तुमच्या क्वार्टरवर येते. आज घरी जा, उन्हाचं हिंडू नका.

बाहेर मे महिना होता. चंद्रपूरचं ऊन अंगावर पडत नाही, ते अंगाला धरतं, मानगुटीला धरून चालवतं. दोघी क्वार्टरच्या कडेकडेनं, मिळेल त्या सावलीतून चालल्या होत्या. बायनाबाई दोन पावलं पुढे, डोक्यावर ओला दुपट्टा, तोंडानं पुटपुटत की साडेपाचाएवढं, साडेपाचाएवढं. मागे वीजकेंद्राच्या धुराड्यांच्या तोंडाशी पांढरा धूर सरळ उभा होता, वारा म्हणून नव्हता. नूतनच्या पोटात एकदा हललं. हल्ली ते असंच हलायचं, लाथ मारावी तसं नाही, झाकणाखालून कुणी बोटानं टकटक करावं तसं. आत कुणीतरी उपाशी आहे हे तिला ठाऊक होतं. मॅडमनं सांगायच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि तरी दर घासाला तिच्या आत दुसरं एक काहीतरी उठून उभं राही, त्या टकटकीपेक्षा जुनं, जास्त ताकदीचं, आणि ते म्हणे, काढ, काढ, आत्ताच्या आत्ता काढ. वाघानं मारलेल्या जनावराकडे तो परत येतोच, गावात लहान पोरालाही माहीत असतं. पोट भरलं म्हणून तो गेला असं समजून मढं ओढायला जो जातो, तो फसतो. तिची भूक तशी होती. दोन दिवस, चार दिवस शांत, आणि मग खायची वेळ झाली की गवत हलायचं.

तिचं माहेर पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलाला चिकटून. घरात जेवायची वेळ म्हणजे माराची वेळ. बाप, रामाजी, पिणारा नव्हता, हे सगळं गाव कौतुकानं सांगे. त्याला फक्त मीठ कळायचं. मीठ कमी, मीठ जास्त. पहिला घास तो तोंडात घेई आणि चावायचा थांबे, आणि त्या थांबण्यात घरातली सगळी माणसं थांबत, चुलीवरची कढईसुद्धा थांबल्यासारखी वाटे. नूतन नऊ वर्षांची असताना एका दिवशी तो असाच थांबला, मग शांतपणे हात पुसून उठला, आईच्या, गुणाबाईच्या मानेला धरलं आणि तिचं तोंड तिच्याच ताटातल्या वाफाळत्या भातात दाबलं. ओरडला नाही. दाबून धरलं, जसं बैलाला पाणी पिताना धरतात. आईचे पाय मागे जमिनीवर घासत होते, पैंजणाचा आवाज होत होता, आणि तो आवाज नूतनला अगदी लग्नातल्यासारखा वाटला होता. मग त्यानं सोडलं आणि हात धुवायला गेला. आई उठून बसली. तोंडभर भात, पापण्यांवर भात, गाल लाल टरारलेले. तिनं एकेक शीत गालावरून वेचलं आणि तोंडात टाकलं. अन्न आहे, टाकू नाई, म्हणाली. मग लेकीला म्हणाली, तू काऊन थांबली, जेव. नूतन जेवली. सगळं जेवली. आणि मग घरामागच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली तर आपोआप सगळं बाहेर आलं, काही न करता, आणि त्यानंतर जे झालं ते तिला कधी कुणाला सांगता आलं नसतं: इतकं हलकं वाटलं, इतकं स्वच्छ, जसं कुणी तिच्या आतून ते घरच उचलून नेलं. पुढे ते आपोआप यायचं बंद झालं तेव्हा ती ते आणायला शिकली. चंद्रपूरला कॉलेजच्या होस्टेलात नऊ मुली एका खोलीत, कुणाला पत्ता लागला नाही. आई तीन वर्षांपूर्वी तापानं गेली आणि माहेर संपलं. म्हणूनच पहिलं बाळंतपण असून ती इथे होती, आणि म्हणूनच बायनाबाई आपलं गाव, शेत, कोंबड्या सोडून सुनेच्या सेवेला आली होती.

आणि आल्या आल्या तिनं ती अर्धी ताटली काढली. झाडीपट्टीतल्या म्हाताऱ्या बायांचं जुनं शास्त्र. सातवा लागला की बाईनं अर्ध्या पोटी राहायचं. पोटात जागा एवढीशीच, ती अन्नानंच भरली तर लेकरू हातपाय कुठी पसरन? आन लेकरू मोठं झालं तर अडते, आन अडलं का मंग चिरते डाक्टर. बायनाबाईनं हे समजावून सांगितलं त्या दिवशी नूतनला सासूच्या पाया पडावंसं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला सांगत होतं की खाऊ नको, आणि ते प्रेमानं सांगत होतं. ज्या गोष्टीसाठी तिनं खोटं बोलून बोलून जीभ झिजवली, ती गोष्ट आता रीत झाली होती. शेजारच्या बायांना बायनाबाई सांगे की आमची नूतन ऐकते, आजकालच्या पोरींसारखी खादाड नाई. आणि त्या अर्ध्या ताटलीतलं अर्धं नूतन मग बाथरूममध्ये परत काढी, नळ मोठा सोडून. दोघी मिळून त्या लेकराची जागा करत होत्या. इतकी जागा केली की ते त्या जागेत हरवायला आलं.

तीन वाजता कंपनीची बस आली आणि राजदीप, तिचा नवरा, घरी आला. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर ड्यूटी, नखांच्या कडांना कायमची काळी रेघ. गडी गरीब स्वभावाचा. लग्न ठरलं तेव्हा नूतननं एकच पाहिलं होतं, तो जेवताना कसा जेवतो. आणि तो जेवताना खाली मान घालून, मीठ कमी असो की जास्त, काही न बोलता जेवला होता. बापाचा मार तिनं त्याला लग्नानंतर एकदाच सांगितला होता. बायनाबाईनं त्याला दारातच सगळं सांगितलं, कोळशाचंही सांगितलं. तो हात-तोंड धुऊन आला तेव्हा त्याच्या हातात ताट होतं. वरण, भात, दोन उकडलेली अंडी. तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्यानं आधी विनवलं. माह्यासाठी नोको खाऊ, म्हणाला, त्याच्यासाठी खाय. तिनं खाल्लं. चार घास, पाच घास, अंड्याचा अर्धा भाग. तो प्रत्येक घासाला मान हलवत होता, लहान मुलाला शाबासकी द्यावी तसा. मग ती उठली, लघवीला जाते म्हणाली, नळ सोडला. बाहेर आली तेव्हा तो दारासमोर उभा होता. ताट हातातच होतं. त्यानं काही विचारलं नाही, आणि त्या न विचारण्यात तिला ते जुनं थांबणं ऐकू आलं, पहिल्या घासानंतरचं. पुढचं इतकं पटकन झालं की नंतर तिघांनीही ते वेगवेगळं सांगितलं असतं. त्याचा डावा हात तिच्या जबड्याला आला. बोटं गालांत रुतली, दातांच्या फटीत गाल सापडले. उजव्या हातानं तो भात कोंबत होता आणि रडत होता, रडत होता आणि कोंबत होता, गीळ, गीळ, मारशीन त्याले, गीळ. पाठ भिंतीला लागली. भात नाकात गेला. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त नखांच्या काळ्या रेघा दिसत होत्या, आणि तिनं तोंड उघडलं, मोठं उघडलं, आणि त्याचं बोट आत आल्यावर मिटलं.

हाडाला दात लागला की एक आवाज येतो, बाहेर येत नाही, आपल्याच कवटीत येतो. तिनं सोडलं नाही. तो किंचाळत होता तरी सोडलं नाही. बायनाबाईनं मागून येऊन लेकाचे केस धरले आणि त्याला ओढलं, सोड मेल्या सोड तिले, असं म्हणत त्याच्या पाठीत मुठी घालत राहिली, आणि खरं तर सोडायचं नूतननं होतं. मग सुटलं. भिंतीवर रक्त, ताट उपडं, अंडं घरंगळत पलंगाखाली. राजदीप बोट मुठीत धरून फरशीवर बसला आणि भिंतीला डोकं आपटून घेऊ लागला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आईनं मध्ये हात घातला. मी तिच्या बापासारखा झालो, मी तिच्या बापासारखा झालो, एवढंच तो म्हणत होता. नंतर दवाखान्यात पाच टाके पडले, आणि त्यानं सांगितलं की पट्ट्यात सापडलं. नूतन तशीच भिंतीशी उभी होती. तोंडात खारट. तिनं ते गिळलं होतं. ती वाट पाहत राहिली की आता येईल, आता उलटून येईल, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. नवऱ्याचं रक्त आत राहिलं. भात राहत नव्हता, आणि हे राहिलं. कपाटाच्या आरशात तिनं स्वतःचे दात पाहिले आणि ते तिला कुणा दुसऱ्याचे वाटले.

सकाळी दहाला रश्मी मॅडम स्कूटीवरून आली. भिंतीवरचा डाग पुसला होता तरी दिसत होता. तिनं तो पाहिला, राजदीपचा बांधलेला हात पाहिला, आणि चहा घेतला. मग सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की हा नखरा नाही, हा आजार आहे, मलेरियासारखा आजार, फक्त मच्छर दिसत नाही. जबरदस्ती करायची नाही, कालच्यासारखं पुन्हा झालं तर मीच हिला इथून घेऊन जाईन. ताटभर वाढायचं नाही. दर दोन तासांनी वाटीभर. वजन तिनं बघायचं नाही, आम्ही बघू, तिला आकडा सांगायचा नाही. रक्तातले क्षार तपासू, गुरुवारी चंद्रपूरला मनाच्या डॉक्टरकडे जायचं, सोबत मी येईन. आणि सगळ्यात कठीण गोष्ट ही की खाल्ल्यावर अर्धा तास तिला एकटी सोडायची नाही. तो अर्धा तास निघाला की लाट ओसरते. त्या अर्ध्या तासात ही तुम्हाला जे बोलेल ते हिचं बोलणं नाही असं समजा. बायनाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं की मॅडम, पोट भरलं तर लेकराले जागा राह्यत नाई, हे खरं नोहोय काय. रश्मी मॅडमनं पेन घेतलं, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन पिशव्या काढल्या, एक वर, एक खाली. ही अन्नाची, ही लेकराची. मधे भिंत आहे. अन्न तिथे जात नाही, बाई, अन्नाचं रक्त होतं आणि ते रक्त तिथे जातं. बायनाबाई त्या चित्राकडे बघत राहिली. मॅडम गेली तरी बघत राहिली. मग तिनं कागदाचा तो तुकडा फाडला, घडी करून कमरेच्या पिशवीत टाकला आणि स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

पहिले दोन दिवस राजदीपनं रजा काढली. तो अर्धा तास तिच्याजवळ बसे, पण तिच्याकडे बघू शकत नसे, आणि तिनं हात लावला की अंग चोरी. दोन दिवसांत सहा वेळा तिनं अर्धा तास काढला, चार वेळा नाही काढला. तिसऱ्या दिवशी त्याला कामावर जावं लागलं. घरात दोघीच. अकरा वाजता बायनाबाईनं वाटीभर मऊ भात दिला, वरून तूप, लोणच्याची फोड. स्वतःही तेवढाच घेऊन समोर बसली. जेवताना ती गुणगुणत होती, रोवण्याचं गाणं, भाताची रोपं लावताना बाया ओळीनं वाकून म्हणतात तसलं, पण चाल इतकी संथ की कुणाला तरी थोपटल्यासारखी:

रोवल्या बांधीत बाई, पानी गुडघ्याएवढं
माय जेवली उभ्यानं, लेकरू मुठीएवढं

नूतननं वाटी संपवली. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं. बायनाबाई उठली, बाथरूमच्या प्लायच्या दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसली, पाय लांब पसरले. गवत हललं.

आधी ती बसून राहिली, पलंगाच्या कडेवर, गादी मुठीत धरून. भात पोटात फुगत होता. तिला तो दिसत होता, एकेक शीत दिसत होतं, पांढरं, ओलं, आईच्या पापणीवरच्यासारखं, आणि ती सगळी शितं जिवंत होऊन तिच्या आतल्या भिंतीवर चढत होती. गळ्याशी आली होती. पाच मिनिटं. ती म्हणाली, आई, लघवी लागली. बायनाबाईनं कोपऱ्यातली बादली दाखवली. सात मिनिटं. ती म्हणाली की मला चक्कर येते, तोंड धुवायचंय. बायनाबाईनं ओला दुपट्टा पुढे केला. मग नूतन रडली, मग पाया पडली, खरोखर पाया पडली, पोट सांभाळत वाकून त्या भेगाळ पावलांवर डोकं ठेवलं. म्हातारीनं पाय मागे घेतले नाहीत आणि उठलीही नाही. आणि मग नूतनच्या तोंडून जे निघालं ते तिनं बापाच्या तोंडून ऐकलेलं होतं, शब्दन् शब्द, आईसाठी वापरलेले सगळे शब्द. सासूला ती पहिल्यांदा अगं-तुगं बोलली. उठ म्हातारे, म्हणाली. तुह्या लेकानं जबडा दाबला माहा, तू मले उपाशी ठेवलं, आता कायची राखन करतं, उठ. बायनाबाई घड्याळाकडे बघत होती. तेरा मिनिटं.

ओट्याखाली पाट्यावर वरवंटा होता. तो हातात कसा आला ते तिला कळलं नाही, पण त्याचा गारवा कळला, आणि वजन, तळहातात नेमकं बसणारं वजन. ती दाराशी आली. खाली पांढऱ्या केसांचा भांग, मधोमध, सरळ, कुंकू नसलेला. तिनं वरवंटा डोक्याच्या वर उचलला. घरात कुणीच नव्हतं, शेजारी कूलर घरघरत होता, कुणाला काही ऐकू गेलं नसतं.

"मार," बायनाबाई म्हणाली. वर न बघता म्हणाली. "पन मारून झाल्यावर मले ओलांडून जा लागन. एवढं पोट घेऊन ओलांडता येते काय, पाह्य."

हात खाली आला. सगळ्या ताकदीनं आला, रामाजीचा हात यायचा तसा, हिशेब न करता. शेवटच्या क्षणी मनगट वळलं. कोणी वळवलं, तिनं वळवलं की आतल्या त्या टकटक करणाऱ्यानं, हे तिला पुढे कधीही सांगता आलं नाही. वरवंटा म्हातारीच्या डोक्यावर वीतभर उंचीवर दारात घुसला, प्लाय फाटलं, चिरफळ्या उडाल्या, आणि तो आतल्या बाजूला बादलीत पडून बादली फुटल्याचा आवाज आला. दाराला डोक्याएवढं भगदाड पडलं. बायनाबाईच्या केसांत प्लायचे तुकडे अडकले होते, एक कान चिरला होता, त्यातून बारीक धार गळ्यावर येत होती. ती थरथरत होती. आता पहिल्यांदा दिसलं की ती पहिल्यापासून थरथरतच होती.

नूतन तिच्यासमोर कोसळून बसली. हात उघडा होता आणि तिला तो जवळ ठेवायला नको होता, कापून कुठे टाकता आला असता तर बरं. मग बायनाबाई केसांतल्या चिरफळ्या एकेक काढून फरशीवर मांडू लागली, आणि मांडता मांडता बोलू लागली, कुणाला सांगतेय असं नाही, रोवण्यात पुढच्या ओळीतल्या बाईशी बोलावं तसं. राजदीपच्या आधी तिला एक पोरगी झाली होती. सासूनं सातव्यापासून अर्ध्या पोटी ठेवलं, आणि ती सोळा वर्षांची, दिवसभर भाताच्या बांधीत उभी, जे मिळे ते उभ्यानं खायची. भूक लागली की गाणं म्हणायची. पोरगी झाली ती मुठीएवढी. अडली नाही, सगळ्यांनी कौतुक केलं, कशी सुटली बाई, फुलासारखी सुटली. दीड दिवस होती. रडायचीसुद्धा ताकद नव्हती तिला, तोंड नुसतं उघडायची, पाखरावानी. "चाळीस वरसं मी समजली का तिचं नशीब," बायनाबाई म्हणाली. "आन त्या मॅडमनं कागदावर दोन पिशव्या काढल्या." तिनं शेवटची चिरफळी खाली ठेवली. "मीच मारलं असतं वं हेही. मोठ्या मायेनं मारलं असतं."

आणि मग तिनं स्वतःच्या तोंडात मारली. जोरात, उघड्या पंजानं, एका गालावर, मग दुसऱ्या. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा नूतननं तो धरला. म्हातारीचा हात हाडकुळा होता पण ओढत होता, मारायला ओढत होता, आणि तो धरून ठेवायला नूतनला दोन्ही हात लागले. तशाच त्या बसल्या. गळ्याशी आलेलं तिथेच होतं, वर येत नव्हतं, खाली जात नव्हतं. पोटात एकदा हललं, मग परत, जरा जोरात. बायनाबाईनं घड्याळ पाहिलं. बारा वाजायला सात कमी. अर्धा तास होऊन वर तीन मिनिटं गेली होती, आणि त्या तीन मिनिटांची राखण कुणीच केली नव्हती.

"उठव मले," ती म्हणाली. "गुडघे धरले माहे."

नूतन उठली. पलंगाचा आधार घेऊन, मग भिंतीचा. तिनं सासूच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि ओढलं, म्हातारी दाराला पाठ घासत वर आली, फाटलेल्या प्लायला पदर अडकला, तो सोडवला. उभी राहिल्यावर नूतनचा हात हातात ठेवूनच ती बाजूला झाली, साधेपणानं, जसं कुणीही काम संपल्यावर बाजूला होतं. दार मोकळं झालं. भगदाडातून आतला नळ दिसत होता. पुढचा घास एक वाजून वीस मिनिटांनी होता आणि त्यानंतर परत अर्धा तास, आणि परत, अजून बारा दिवस, आणि त्याच्याही पुढे, आणि तेव्हा प्रत्येक वेळी घरात कुणी असेलच असं नव्हतं. नूतनचे पाय दाराकडे वळलेलेच होते. तिला ते कळत होतं. तिनं आयुष्यात हे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, रश्मी मॅडमला नाही, मेलेल्या आईला मनातसुद्धा नाही, आणि सांगताना तिचा आवाज इतका बारीक निघाला की बायनाबाईला कान जवळ आणावा लागला, तो चिरलेला.

"आई, मले अजून जा वाटते आत. हात सोडू नोका."

बायनाबाईनं सोडला नाही.